अबोली की विटकरी? आधी भिंतीला विचारा, माल खरा दाखवतेस का?

व्यापारी बंधूंनो, गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील दुकानांचा आणि घरांचा आतला रंग पार बदलून गेला आहे. पूर्वी माळवदाच्या घरात आतून चुना, फार तर चुन्यात थोडी पिवडी किंवा नीळ आणि खाली गेरूचा पट्टा, एवढ्यावर काम भागत असे. नंतर डिस्टेंपर आला, ऑइलबाँड आला, इमल्शन आले. आता तर कोणतीही छटा मशीनवर पाच मिनिटांत काढून मिळते. टेंभुर्णीच्या बाजारपेठेत आणि पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या नव्या गाळ्यांत फेरफटका मारला तर नारिंगीच्या घरातल्या दोन छटा वारंवार नजरेस पडतात. एक फिकट, मऊ, अबोलीच्या फुलासारखी. दुसरी गडद, मातकट, भाजलेल्या विटेसारखी. शेड कार्डावर त्यांची नावे इंग्रजीत आणि भलतीच लांबलचक असतात. आपण त्यांना अबोली आणि विटकरी म्हणू.

रमजान ईदच्या किंवा लगीनसराईच्या आधी रंगकाम काढले की या दोहोंपैकी कोणती घ्यावी, असा प्रश्न हमखास निघतो. मी रंगाचा व्यापारी नाही, कापडाचा आहे. पण कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली की रंग हीच रोजीरोटी होऊन बसते. म्हणून या दोन छटांची तुलना कापडवाल्याच्या नजरेने करावी, असे मनात आले. ती करताना एक मुद्दा असा समोर आला की जो दिसायला सजावटीचा आहे, पण मुळात व्यवहाराचा आहे. तोच या लेखात मांडायचा आहे.

नावे आपली, रंगही आपलेच

उर्दू शाळेत आम्हाला रंगांची नावे फळाफुलांवरून कळली. नारंगी, बादामी, प्याजी, उन्नाबी, फालसई, धानी. मराठीतही तीच रीत आहे. अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपिशी, विटकरी, शेंदरी. या नावांचा मोठा फायदा असा की गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. अबोलीचा गजरा सगळ्यांनी पाहिलेला आहे, वीटही सगळ्यांनी पाहिलेली आहे. म्हणून रंगाऱ्याशी बोलताना कार्डावरचा क्रमांक जरूर द्यावा, पण मनातली छटा आपल्या शब्दात सांगावी. गैरसमज निम्म्याने कमी होतात.

काही मंडळी नारिंगी म्हटले की लगेच त्याचा संबंध झेंड्याशी जोडतात. "आपल्या दुकानात हा रंग कशाला?" असेही कुणी विचारतो. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की आपल्या दस्तरखानावरचा जर्दा कोणत्या रंगाचा असतो ते आठवावे. गेरू ही या मातीची देणगी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत हीच तांबडी आणि पिवळी माती वापरलेली आहे. कोकणात आणि गोव्यात पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेची नक्षी काढण्याची जुनी कला आहे. शेतकऱ्याच्या घराचा पट्टा आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यावरचा पट्टा याच गेरूचा. माती कुणा एकाची नसते, तसा तिचा रंगही कुणा एकाचा नसतो. रंग निवडताना पाहायचे ते त्याचे काम.

डब्यात काय असते?

विटकरी रंगाचा मूळ आधार लोखंडाचा गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड. गेरूत जे असते तेच, फक्त कारखान्यात शुद्ध आणि बारीक केलेले. हा रंग उन्हाने सहसा उडत नाही, चुन्यात टिकतो आणि झाकण्याची ताकद त्याच्यात चांगली असते. म्हणून विटकरी छटा साधारण दोन हातांत भिंत झाकते.

अबोलीचे गणित वेगळे. तिच्यात पांढरा बेस जास्त, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड जास्त. त्यात पिवळ्या आणि नारिंगी स्टेनरचे थोडे थेंब पडतात. पांढऱ्यामुळे तीही भिंत चांगली झाकते. पण तिच्यातला नारिंगी अंश जर मातीच्या रंगातून न येता चटकदार सेंद्रिय रंगद्रव्यातून आलेला असेल, तर सतत ऊन लागणाऱ्या भिंतीवर तो आधी उतरतो आणि भिंत पांढुरकी पिवळट दिसू लागते. दुकानदाराला विचारून घ्यावे की ही छटा ऑक्साइडच्या स्टेनरवर निघते का. निघत असेल तर ती घ्यावी. थोडी कमी चमकेल, पण टिकेल.

या दोहोंच्या मधली एक तिसरी छटा असते. भडक, स्वच्छ, संत्र्याच्या सालीसारखी. ती कार्डावर फार मोहक दिसते. परंतु तिचा बेस पारदर्शक, पांढरा अंश नगण्य, त्यामुळे दोन हातांत भिंत झाकत नाही. तिसरा, कधी चौथा हात मारावा लागतो. माल आणि मजुरी दोन्ही वाढतात. अशा छटेच्या मोहात पडण्याआधी रंगाऱ्याकडून हिशेब करून घ्यावा.

उजेडाचा हिशेब

रंगाच्या प्रत्येक छटेला एक आकडा असतो. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी शंभरात किती भाग ती परत देते, हे तो आकडा सांगतो. कंपन्यांच्या कागदपत्रांत त्याला एलआरव्ही म्हणतात. चांगला पांढरा रंग ८० च्या पुढे असतो. अबोलीसारखी फिकट छटा साधारण ६० च्या आसपास आणि विटकरी साधारण २० च्या आसपास बसते. छटेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होईल, पण फरक केवढा आहे ते ध्यानात यावे. विटकरी भिंत अबोलीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड परत देते.

आपले गाळे बहुधा दहा फूट रुंद आणि पंधरा-वीस फूट खोल असतात. उजेड फक्त समोरच्या शटरमधून येतो. अशा गाळ्यात चारी बाजूंनी विटकरी लावली तर मागचा भाग भर दुपारी अंधारतो. मग ट्यूब वाढवाव्या लागतात आणि दर महिन्याचे बिल वाढते. अबोलीने हा त्रास होत नाही. म्हणजे उजेडाच्या हिशेबात अबोली सरळ पुढे आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. खरा प्रश्न पुढेच आहे, कारण भिंत जो उजेड परत देते तो ती आपल्या रंगात बुडवून देते.

भिंत मालाचा रंग बदलते

याची परीक्षा प्रत्येकाला स्वतः करता येईल. दोन फूट बाय दोन फूट प्लायचे दोन तुकडे घ्यावेत. एकाला अबोलीचे दोन हात, दुसऱ्याला विटकरीचे दोन हात द्यावेत. नीट वाळू द्यावेत, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. मग एक सोलापुरी पांढरा टॉवेल, एक नेव्ही ब्लू तागा, एक काळा कटपीस आणि एक फिकट पीच रंगाची साडी घेऊन सकाळी अकरा वाजता, संध्याकाळी पाच वाजता आणि दिवे लागल्यावर, असे तीन वेळा हे कापड त्या तुकड्यांजवळ धरून पाहावे. माझ्या दुकानात मी हे करून पाहिले. जे दिसले ते असे.

पांढरा टॉवेल अबोलीला अगदी लागून धरला तर दुधाळ, साईसारखा दिसतो. शुभ्र आणि क्रीम या दोन मालांतला फरक तिथे कळेनासा होतो. विटकरीजवळ तोच टॉवेल जास्त उजळ वाटतो, कारण मागची भिंत गडद असते. मात्र त्याच्या घड्यांत तांबूस सावली पडते.

नेव्ही ब्लूची गंमत आणखी न्यारी. भिंतीवर टांगला की नारिंगीच्या पार्श्वभूमीवर तो उठून, खुलून दिसतो. तोच तागा कोपऱ्यात, जिथे भिंतीवरून परतलेलाच उजेड जास्त, तिथे उलगडला की काळपट दिसतो. नारिंगी उजेडात निळा अंश कमी असल्याने निळे कापड परत देणार तरी काय? नेव्ही ब्लू आणि काळा यांतला फरक तिथे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

पीच, गाजरी, शेंदरी या छटांचे कापड दोन्ही भिंतींपुढे मार खाते. भिंत त्याच जातीची असल्याने कापड फिके आणि धुतल्यासारखे वाटते. ज्यांच्याकडे हाच माल जास्त खपतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात आणखी एक भर पडते. मावळतीचे ऊन आधीच नारिंगी असते. ते नारिंगी भिंतीवर पडले की रंग दुप्पट चढतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात दाखवलेला कोणताही रंग खात्रीचा मानू नये.

दोनशे वर्षांपूर्वीची तक्रार

हा शोध काही माझा नव्हे. १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख म्हणून मिशेल शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. तिथे तक्रार होती की काळा रंग पुरेसा काळा उतरत नाही. शेव्रलने रंग तपासला. रंगात खोट नव्हती. काळ्या धाग्याच्या शेजारी जे निळे आणि जांभळे धागे विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा फिका दिसत होता. शेजारच्या रंगाचा डोळ्यावर काय परिणाम होतो याचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कापड रंगवणाऱ्यांच्या तक्रारीतून रंगशास्त्राचा एक मोठा नियम जगाला मिळाला. आपण कापडवाल्यांनी याचा अभिमान बाळगावा आणि त्यातून धडाही घ्यावा. माल निर्दोष असूनही शेजारी काय आहे यावर त्याचे दिसणे ठरते.

डोळ्याचा दुसरा गुण म्हणजे तो सरावतो. दुकानदार सकाळपासून अबोली भिंतींत बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांना तासाभरात क्रीमसुद्धा पांढरे वाटू लागते. गिऱ्हाईक मात्र बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलेले असते आणि माल घेऊन पुन्हा त्याच उन्हात जाणार असते. म्हणून भाव करताना दोघेही एकच कापड पाहात असले, तरी दोघांना दिसणारा रंग एक नसतो. "तुम्ही पांढराच दाखवला होता ना?" हा वाद बऱ्याचदा इथून सुरू होतो. दोघेही खरे बोलत असतात आणि तरी भांडण होते.

म्हणूनच कापड गिरण्यांच्या तपासणीत रंग ठरावीक उजेडात पाहतात. डी ६५ नावाचा, दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित उजेड वापरतात. त्यासाठी आतून तटस्थ राखाडी रंग दिलेली पेटी असते. ती पेटी आतून कधी नारिंगी रंगवत नाहीत. कापसाची प्रत ठरवणारे जुने पारखीही उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात कापूस पाहात, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. ही माणसे वेडी नव्हती.

कलिंगडावरचे लाल कापड

आता मुद्द्यावर येऊ. उन्हाळ्यात रस्त्याकडेला कलिंगडाची गाडी लागते. काही गाड्यांवर लाल कापडाचे छत असते. खाली कापून ठेवलेली फोड लालभडक दिसते. घरी नेली की गुलाबी निघते. टोमॅटोच्या ढिगावर लाल-नारिंगी ताडपत्री, मटणावर लालसर दिवा, हे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तो विक्रेता तोंडाने एकही खोटा शब्द बोललेला नसतो. खोटे बोलते ते छत.

मग आपल्या दुकानाची भिंत जर क्रीम माल पांढरा म्हणून दाखवत असेल, किंवा नेव्ही ब्लू आणि काळ्यातला फरक मिटवत असेल, तर तिच्यात आणि त्या लाल छतात फरक काय? नियत वेगळी असेल. छतवाल्याने जाणूनबुजून केले, आपण हौसेने केले. पण हे एकदा माहीत झाल्यावर हौसेची सबब चालत नाही.

बाजारातून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते खरेही होते. तरी ओला भाग वर का ठेवला नाही, लोकांना तो दिसला असता, असे त्याला सुनावले गेले. दोष भिजण्यात नव्हता, झाकण्यात होता. तराजूला सरकारी शिक्का ठरावीक मुदतीने मारून घ्यावा लागतो. वजनमापाचा निरीक्षक येतो, तपासतो. भिंतीच्या रंगाला आणि दुकानातल्या उजेडाला कुणी शिक्का मारत नाही. ते काम ज्याच्या त्याच्या इमानावर सोडलेले आहे. माझ्या मते रंग पाहून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाच्या दुकानात भिंत हा दुसरा तराजू आहे.

यात नुसते पुण्य नाही, धंदाही आहे. टेंभुर्णी हे चौफुलीचे गाव. कुर्डुवाडी, पंढरपूर, अकलूज, करमाळा अशा चारी वाटांनी गिऱ्हाईक येते. साठ-सत्तर रुपयांच्या ब्लाउजपीसचे मॅचिंग चुकले तर बदलून घ्यायला एसटीचे भाडे खर्चून कुणी परत येत नाही. तो माल ट्रंकेत पडून राहतो आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. "जरा उजेडात नेऊन बघू का?" असे जी बाई विचारते, ती आपल्यावर संशय घेत नाही. तिला आपली भिंत कळलेली असते. तिला दारापर्यंत जाऊ द्यावे. शक्य तर आपणच म्हणावे, "ताई, दारात नेऊन पाहा."

मग कुणी काय लावावे?

नियम सोपा आहे. बसायची जागा रंगीत असू द्या, पारखायची जागा पांढरी ठेवा. आता धंद्यागणिक पाहू.

कापड, मॅचिंग, रेडिमेड आणि शिलाई: काउंटरच्या मागची भिंत, छत आणि जिथे तागा उलगडतो तो सगळा भाग पांढरा किंवा अगदी फिकट राखाडी असावा. हौस असेल तर प्रवेशाची एक बाजू किंवा आरशामागची भिंत अबोली करावी. विटकरी फक्त बाहेरच्या पाटीभोवती किंवा काउंटरच्या खालच्या पट्टीला शोभते. दिवेही बघून घ्यावेत. पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्विनचे दिवे माल दाखवायला नकोत. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा पाहावा. सूर्यप्रकाश १०० धरला जातो. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो. माल पाहण्याच्या जागेवर ९० किंवा त्याहून जास्त असलेला एक तरी दिवा लावावा.

खानावळ, बिर्याणी, चहा-नाष्टा: इथे अबोली उत्तम. अन्न आणि चेहरे दोन्ही प्रसन्न दिसतात. एखादी भिंत विटकरी केली तर हात पुसल्याचे आणि वाफेचे डाग कमी दिसतात. मात्र स्वयंपाकघर पांढरेच हवे. तिथे मळ लपता कामा नये, दिसायला हवा.

केशकर्तनालय: अबोलीवरून परतणारा उजेड चेहऱ्याला तजेला देतो. पण केसांना लावायच्या कलपाची छटा दाराच्या उजेडात पाहूनच ठरवावी.

मटण, चिकन, फळे: या धंद्यात अबोली नको आणि विटकरीही नको. मालाचा ताजेपणा रंगावरून ठरतो, म्हणून भिंत पांढरी आणि दिवा पांढरा. ही जबाबदारी इतर सगळ्यांहून मोठी आहे, कारण प्रश्न खाण्याचा आहे.

गॅरेज, फर्निचर, वेल्डिंग: विटकरी बिनधास्त लावावी. ग्रीस, धूर, हातांचे डाग सामावून घेते. फक्त काम करायच्या टेबलावर चांगला दिवा लावावा. सुताराने पॉलिशची छटा मात्र बाहेर अंगणात नेऊन दाखवावी.

घर: बैठकीत अबोली चांगली. छप्पर ठेंगणे असेल, खिडकी एकच असेल, तर विटकरी चारी भिंतींना कधीच देऊ नये. खोली लहान आणि कोंदट वाटते. मोठी खोली असेल आणि समोर उजेड असेल तर एक भिंत विटकरी, बाकी तीन पांढऱ्या, ही जोडी उठावदार दिसते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. त्या दिवसांत गडद नारिंगी खोलीत पाऊल टाकताना मनालाच गरम वाटते. मुलांची अभ्यासाची जागा आणि शिवणयंत्राची जागा पांढऱ्या भिंतीजवळ असावी.

रंगाऱ्याकडून काम घेताना

काही गोष्टी दोन्ही छटांना लागू आहेत. सगळे डबे एकाच वेळी आणावेत आणि मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत. मशीनवर काढलेल्या दोन डब्यांत केसभर फरक राहू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. विटकरीवर खुर्ची घासली की पांढरा ओरखडा उठतो. नंतर ठिगळासारखा हात मारला तर तो वेगळा दिसतो. म्हणून थोडा रंग झाकण घट्ट लावून जपून ठेवावा. अबोलीवर हाताचा मळ दिसतो, म्हणून ती धुता येईल अशा इमल्शनमध्येच घ्यावी. लांबी आणि प्रायमरमध्ये काटकसर करू नये. वरचा रंग कितीही भारी घेतला तरी तो खालच्या तयारीवरच टिकतो.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. पिवळ्या, नारिंगी आणि लाल तैलरंगांत पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरत. लेड क्रोमेट हे त्यातले ठळक नाव. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. केंद्र सरकारने २०१६ साली घरगुती आणि सजावटी रंगांतील शिशाबाबत नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून जास्त असता कामा नये, असे बंधन आहे. म्हणून नवा रंग नामांकित आणि शिसेमुक्त लिहिलेलाच घ्यावा. स्वस्तातला सुटा, चिठ्ठी नसलेला नारिंगी ऑइलपेंट घेऊ नये. जुन्या दारेखिडक्यांवर अनेक वर्षांपूर्वीचा केशरी किंवा पिवळा ऑइलपेंट असेल तर त्यावर कोरडा पॉलिशपेपर मारू नये. पाणी मारून घासावे, मुलांना आणि गरोदर बायांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, खरवडलेला कचरा ओल्या फडक्याने गोळा करावा. रंगारी बंधूंनी तोंडाला चांगला मास्क बांधावा आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. दिवसाला पाच-सातशे रुपयांसाठी फुप्फुसे आणि रक्त खराब करून घेणे परवडणारे नाही. हे सांगणे काम देणाऱ्या मालकाचेही कर्तव्य आहे.

तात्पर्य

दोन छटांत डावे-उजवे करायचेच झाले तर माझे मत असे. राहण्या-बसण्याच्या जागेसाठी अबोली सरस आहे, कारण ती उजेड देते आणि डोळ्यांना शांत वाटते. टिकाऊपणात आणि मळ झाकण्यात विटकरी सरस आहे, पण ती थोडीच लावली तर शोभते. आणि जिथे गिऱ्हाईक आपल्या शब्दावर नव्हे तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून पैसे मोजते, तिथे दोन्ही छटांना रजा द्यावी.

रंगाचा डबा उघडण्याआधी एक पांढरा टॉवेल त्या छटेजवळ धरावा आणि मग तोच दाराबाहेर नेऊन पाहावा. दोन्हीकडे तो सारखा दिसला तर रंग खुशाल लावा. फरक दिसला तर ती भिंत माल पारखायच्या जागेपासून दूर न्या. एवढी काळजी घेतली तर गिऱ्हाइकाचे समाधान होईल आणि कमाईत बरकतही येईल.